चांदोलीत सफारीच्या जिपा वाढवाव्यात का?

शिराळकर : ताडोबाहून वाघीण आणली तेव्हापासून आमच्याकडं टपरीवर एकच विषय, आता गाड्या वाढणार, हॉटेलं निघणार. माझा विरोध आहे. चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१० पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. पण हे ताडोबासारखं मोकळं रान नव्हे. कारवी, जांभूळ, अंजनीची अशी गच्च झाडी की गवा हाताच्या अंतरावर असला तरी नुसतं फुरफुरणं ऐकू येतं. दिसतो तो सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, नाहीतर उठवलेल्या गावांच्या जुन्या भातखाचरांत. सगळ्या जिपा तिथंच घुसणार. मग त्यानं चरायचं कुठं?

वारणाकाठ : ती खाचरं आमची होती, दादा. आजोबांच्या घराचं जोतं फणसाखाली अजून आहे. रानासाठी गाव सोडलं, आता रानातला रोजगारही नको म्हणता? आमच्या पोरांनी मुंबईत माथाडी कामच करायचं का? जिपा वाढवा, फक्त चालक आणि वाटाडे विस्थापितांच्या घरचेच घ्या.

शिराळकर : वाटाड्यांबद्दल वाद नाही. पण जिपा घ्यायला भांडवल लागतं. ते तुमच्या पोरांकडं आहे का? तालुक्यातला एखादा पैसेवाला दहा गाड्या लावील आणि तुमचा पोरगा पगारी ड्रायव्हर.

साताऱ्याची : आमचं कासचं फुलांचं पठार बघा की. २०१२ साली जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि फुलांच्या दिवसांत घाटात गाड्यांची रांग लागायला लागली. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, पुढं तेही काढलं. तरी तिथं एक बरं झालं, शुल्क आणि आधी नोंदणी आली, आसपासच्या गावांतल्या लोकांना हंगामात काम मिळालं. चांदोलीतही रोजचा आकडा आधी ठरवा. आणि शिराळकर, गव्याचा एवढा कळवळा आहे तर त्यानं ऊस तुडवल्यावर भरपाईसाठी शेतकरी किती हेलपाटे मारतो तेही लिहा कधीतरी.

जावळीकर : जिपांवरून कसले भांडताय? नवीन महाबळेश्वर या नव्या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पात आधीच सातारा, पाटण, जावळीतली दोनशेहून जास्त गावं धरलीत. डोंगर फोडून रिसॉर्टं झाली की जनावर खाली उतरणारच. त्यापेक्षा वासोटा किल्ल्यासारखं करा. बामणोलीहून बोट, वन खात्याची परवानगी, पुढं पायपीट. ज्याला खरंच रान बघायचंय तो येतो.

वारणाकाठ : पायपीट करणारा डबा घरून आणतो, जावळीकर. त्यात आमच्या घरची चूल कशी पेटायची?