मदत हवी आहे: एरिया२ आयएसओ पूर्ण उतरली म्हणतो, पण हॅश जुळत नाही

कातळवाट: डेबियन लिनक्सची डीव्हीडी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) एरिया२ या डाउनलोडरने -एक्स १६ लावून चार मिररवरून (त्याच फाईलची प्रत ठेवणारे सर्व्हर) एकदम, तुकड्यातुकड्यांत उतरवत होतो. मध्येच वीज गेली. तीच कमांड -सी (अर्धवट राहिलेलं पुढे चालू) लावून पुन्हा दिली तर लगेच 'पूर्ण' म्हणतो. आकार बरोबर, हॅश (फाईल बिनचूक आहे का ते ताडायचा ठसा) चूक. लवकर सांगा, संध्याकाळी इन्स्टॉल करायचंय.

खटपट्या: कोणता हॅश ताडलात? एसएचए२५६ ६४ अक्षरी, ५१२ हा १२८ अक्षरी. आणि चारही दुवे एकाच आवृत्तीचे आहेत ना?

कातळवाट: २५६च. नावं तंतोतंत तीच.

निवांत: फाईल उडवा आणि डब्ल्यूगेट या साध्या डाउनलोडरने एकाच सर्व्हरवरून सरळ घ्या. तुकड्यांचा हा घोळच नको.

अनामिका_प: उडवू नका! फाईलशेजारची .एरिया२ फाईल कुठे आहे?

कातळवाट: फोल्डर साफ करताना काढली. एवढीशी तर होती. तिचा काय संबंध?

अनामिका_प: कोणते तुकडे आले याची नोंद फक्त तिच्यातच असते. एरिया२ सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा शून्यांनी भरून ठेवतो. नोंद गेली की त्याला फक्त आकार दिसतो, म्हणून 'पूर्ण'. डब्ल्यूगेट -सी पण आकारच बघतो.
आलेला डेटा वाया जाणार नाही. मिररवर आयएसओ-डीव्हीडीच्या शेजारी बीटी-डीव्हीडी फोल्डर आहे. त्यातलं त्याच आवृत्तीचं टॉरेंट (फाईलच्या तुकड्यांची माहिती असलेली छोटी फाईल) घ्या आणि -डी ला (कुठे उतरवायचं तो पर्याय) आयएसओचं फोल्डर देऊन एरिया२ने चालवा, सोबत तपासणीसाठी -व्ही. व्ही कॅपिटल हवा, छोटा फक्त आवृत्ती छापतो. टॉरेंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा हॅश असतो, त्यामुळे खराब तेवढेच पुन्हा उतरतात. --चेकसम देऊ नका. तो अख्ख्या फाईलचा हॅश बघतो आणि चुकला की पहिल्यापासून उतरवतो.

गडकरी७: पेनड्राईव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसणार नाही हं.

खटपट्या: डीडी कमांडने आयएसओ थेट पेनड्राईव्हवर लिहिताना त्याचा प्रश्नच येत नाही.

निवांत: तरी -एक्स १६ लावून मिररला छळणं मला पटत नाही.

अनामिका_प: ते मलाही पटत नाही. शिवाय -एक्स ही जोडण्यांची मर्यादा दर सर्व्हरमागे असते आणि एकूण जोडण्या -एस ठरवतो, तो न दिल्यास ५. म्हणजे नुसत्या -एक्स १६ने पाचच होतात. चार मिररना -एक्स १ -एस ४ पुरे.

कातळवाट: तपासणी झाली, बरंच बरोबर निघालं. उरलेलं उतरतंय. झाल्यावर आपोआप थांबेल ना?

अनामिका_प: लगेच नाही, आधी उतरलेली फाईल इतरांना पुरवत बसेल. घाई असेल तर --सीड-टाइम=० द्या.