नॉमिनी लावला म्हणजे झालं?

दादा, "सगळीकडे नॉमिनी लावलाय, मृत्युपत्राची गरज नाही" असं तुम्ही म्हणालात, तिथेच मला काळजी वाटली. नॉमिनी मालक होत नाही, पैसे स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा असतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं.

आमच्या परभणीकडच्या मामांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. शेअर्ससाठी मामींना कोर्टातून वारसा प्रमाणपत्र काढावं लागलं. ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्या तारखांना जात होत्या, ते आठवलं की अजून जीव तुटतो.

आपल्या मराठवाड्यातल्या घर-जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही. मात्र दोन साक्षीदार हवेतच, आणि तेही तुमच्यापेक्षा तरुण बघा, म्हणजे उद्या वाद झाला तर सांगायला कुणीतरी असेल. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी कराच. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

हयातीतच द्यायचं तर बक्षीसपत्र आहे. राहतं घर किंवा शेती मुला-मुलींना देताना मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. पण घाई करू नका, दिलेलं सहजी परत येत नाही. सांभाळ करण्याची अट त्यात लिहूनच घ्या. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचं 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं संरक्षण त्या अटीवरच उभं राहतं.

आणि सातबारा आधी नीट वाचा. वर्ग 2 (सरकारी अटी असलेली) किंवा इनामी जमीन असेल तर सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचं करता येतं, बहिणींचा हिस्सा त्यात धरू नका.