शूमाकरने आता थांबावं का? (सिंगापूर 2012 नंतर)

पहिलावळसा
रविवारपासून एक मत सगळीकडे फिरतंय: "त्रेचाळिसाव्या वर्षी पुढची गाडी दिसत नसेल तर माणसाने घरी बसावं, सात जगज्जेतेपदांची तरी लाज राखावी." सिंगापूरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू फिरवणारी गाडी) आत गेल्यावर शूमाकरने वेर्नच्या गाडीला मागून ठोकलं, त्यावरून हे. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

यंदाचा मोसम नीट पाहिलाय का कुणी? मेलबर्नला तिसरा होता, गिअरबॉक्स गेला. चीनमध्ये पिटमध्ये चाक नीट बसवलं नाही. मोनॅकोत इंधनाचा दाब पडला. कॅनडात मागच्या पंखाची पट्टी उघडली ती मिटेचना. चार शर्यती गाडीने आणि टीमने खाल्ल्या. आणि मोनॅकोची पात्रता फेरी? दोन्ही बाजूंना कठडे, चूक केली की चाक गेलंच समजा. तिथे सगळ्यांत वेगवान कोण होता? हाच "म्हातारा". बार्सिलोनाच्या धडकेची पाच जागांची शिक्षा नसती तर पहिल्या जागेवरून सुटला असता. व्हॅलेन्सियाला पोडियमही (पहिल्या तिघांत जागा) मिळवला. त्याला घरी पाठवायची एवढी घाई का?

गणिती
भावना बाजूला ठेवू. मर्सिडीजमधला त्याचा जोडीदार रोझबर्ग: टीम तीच, गाडी तीच. गुण बघा. 2010: रोझबर्ग 142, शूमाकर 72. 2011: 89 आणि 76. यंदा सिंगापूरपर्यंत 93 आणि 43. तिन्ही वर्षं हा मागे. चीनची शर्यत रोझबर्गने जिंकली. 2006 ला निवृत्त होऊन 2010 ला परत आल्यानंतर याची एकही नाही. तीन मोसम हा काही छोटा नमुना नाही.

पहिलावळसा
त्या 43 मध्ये मी सांगितलेल्या चार शर्यतींचे गुण कुठे आहेत? सगळ्या चाहत्यांनी आकडे असेच वाचले तर गाडी बंद पडणं हासुद्धा चालकाचाच दोष ठरेल. 2011 मध्ये फरक 13 वर आला होता, तेही बघा की.

लांबपल्ला
मला आकड्यांतलं फार कळत नाही. माझे वडील अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवत होते. त्यांच्या शेजारी बसून मी लहानाचा मोठा झालो. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागायच्या आधीच त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलेला असायचा. पुढे पुढे तो दिवे लागल्यावर उठायला लागला. मग दिवे मोठे दिसायला लागल्यावर. आम्हाला कुणाला जाणवलं नाही, त्यांना जाणवलं. एका रात्री घरी येऊन त्यांनी किल्ली देवापुढे ठेवली आणि म्हणाले, आता रात्रीची गाडी नाही. वय बावन्न.

गेल्या वर्षी सिंगापूरलाच याची गाडी पेरेझच्या मागच्या चाकावर चढून हवेत गेली. यंदा बार्सिलोनात ब्रुनो सेना, आता वेर्न. तिन्ही वेळा मागून. मला वडिलांचा तो पाय आठवला.

गिअरवाली
लांबपल्ला, वाचून गलबलून आलं, पण तुलना पटत नाही. मी हौशी कार्टिंग (छोट्या गाड्यांच्या शर्यती) करते. ओव्हरटेक करायचा तर पुढच्यापेक्षा उशिरा ब्रेक मारावाच लागतो. सेफ्टी कारमागे हळू फिरून टायर आणि ब्रेक गार पडलेले असतात, चाकं लॉक झाली की गाडी सरळ जाते. विशीतल्यांचंही होतं. बेल्जियमला सुरुवातीलाच चार गाड्या बाद करणारा ग्रोजाँ 26 वर्षांचा आहे!

खरा प्रश्न टायरचा. फेरारीत असताना ब्रिजस्टोन त्याच्या हाताला जुळतील असे टायर बनवायचं, फिओरानोला टीमचा स्वतःचा ट्रॅक होता, हवी तेवढी चाचणी. आता मोसमात चाचणी जवळपास बंद आणि पिरेलीचे टायर जपत बसायचे. कच्च्या अंड्यांवर चालवल्यासारखं वाटतं, असं तोच बहारीननंतर म्हणाला.

जुनाहिशेब
टायर सगळ्यांना तेच आहेत. रायकोनेन दोन वर्षं बाहेर राहून आला, आज गुणतक्त्यात तिसरा आहे. आणि ठोकण्याचं वयाशी काय देणंघेणं? हा माणूस पंचविशीतही हेच करायचा. 1994 अ‍ॅडलेड, हिलला ठोकलं, त्याचं जगज्जेतेपद गेलं. 1997 हेरेथ, व्हिलनव्हला ठोकलं. त्या मोसमाच्या क्रमवारीतून नावच काढलं. 2006 मोनॅको, पात्रता फेरीत रास्कासच्या वळणावर गाडी "थांबली", मागच्यांची फेरी बिघडली. 2010 हंगेरी, बॅरिकेलोला ताशी जवळपास 300 किमीच्या वेगात भिंतीला चेपत नेलं. ते टीव्हीवर पाहताना माझी आई किंचाळली होती. त्या दिवसापासून मी त्याचा विरोधक आहे, लपवत नाही.

पहिलावळसा
आली का अ‍ॅडलेडची टेप! प्रत्येक धाग्यावर हेच. मग 2010 च्या मोनॅकोचंही बोला. सेफ्टी कार आत गेल्यावर शेवटच्या वळणावर अलोन्सोला मागे टाकलं म्हणून 20 सेकंदांची शिक्षा, सहाव्यावरून बारावा. नियमात संदिग्धता होती, नंतर तो नियमच स्पष्ट करावा लागला. आणि त्या दिवशी स्ट्युअर्डांत (शर्यतीच्या पंचांत) कोण होता? डेमन हिल!

जुनाहिशेब
म्हणजे हिलने सोळा वर्षांचा सूड उगवला असं म्हणायचंय? शब्द जपून वापरा. हिल एकटा नव्हता तिथे.

पहिलावळसा
सूड म्हटलं नाही मी. ज्याचं जगज्जेतेपद ज्याच्यामुळे गेलं, त्याला त्याच्याच प्रकरणात बसवू नये, एवढंच. कुठल्याही पंचायतीत हे चालत नाही.

जुनाहिशेब
हे मात्र मान्य. हिलला बाजूला बसवायला हवं होतं. हंगेरी तरीही माफ नाही.

गणिती
अहो, विषय निवृत्तीचा आहे.

गिअरवाली
तेच म्हणते. लाउडा दोन वर्षं घरी बसून आला आणि 1984 ला जगज्जेतेपद अर्ध्या गुणाने जिंकला. मॅन्सेल 41 व्या वर्षी अ‍ॅडलेडला जिंकला. वय हे एकटं कारण होत नाही.

गणिती
लाउडा जिंकला तेव्हा 35 चा होता. मॅन्सेलवर पुढच्याच वर्षी मॅक्लारेनमध्ये दोन शर्यतींत गाशा गुंडाळायची वेळ आली. तेही लिहा.

गिअरवाली
बरं, मॅन्सेलचं उदाहरण मागे घेते. लाउडाचं नाही.

लांबपल्ला
पहिलावळसा, राग मानू नका. मी त्याचा शत्रू नाही. 2006 ची सुझुका मी पाहिली आहे. आघाडीवर होता, इंजिनातून पांढरा धूर आला, आठवं जगज्जेतेपद हातातून गेलं. गॅरेजमध्ये आला आणि एकेका मेकॅनिकजवळ जाऊन त्यांनाच धीर देत राहिला. तो माणूस मला तसाच आठवत राहावा असं वाटतं, बाकी काही नाही.

पहिलावळसा
राग नाही. तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून सिंगापूरचा तो क्षण मी चार वेळा पाहिला. ब्रेक उशिरा लागलाय. एवढं मान्य करतो, यापुढे एक शब्द नाही. पण किल्ली कुणी ठेवायची हे तुमच्या वडिलांनी ठरवलं, शेजारच्यांनी नाही. पुढची शर्यत सुझुका आहे, सहा वेळा जिंकलाय तिथे. वेर्नला ठोकल्याच्या शिक्षेमुळे दहा जागा मागून सुटणार आहे. मी बघणार.