बाबांना पार्किन्सन्स आहे, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्यायच्या का?

सातारची_लेक:
बाबा ७१ चे, दोन वर्षं झाली निदान होऊन, लेव्होडोपा चालू आहे (मेंदूत डोपामिन बनायला मदत करणारी गोळी). आता आत्याने कोक्यूटेन आणि व्हिटॅमिन ई च्या डब्या आणून दिल्यात, महिन्याचे अडीच हजार, वर छापलंय मेंदूचा गंज थांबवा. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने मेंदूतली प्रोटीन खराब होतात म्हणे. हे खरं असतं की नुसतं मार्केटिंग? आत्याला नुसतं नको म्हटलं तर ती महिनाभर बोलायची नाही, म्हणून नीट काहीतरी सांगा.

पेशीवाली:
बायोकेमिस्ट्री शिकवते म्हणून लिहितेय. स्ट्रेस खरा आहे हो, पण त्यावरून डबी खरी ठरत नाही. मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, आणि एवढी भट्टी चालू म्हटल्यावर मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या वीजघरातून, थोडे इलेक्ट्रॉन गळणारच, त्यातून फ्री रॅडिकल म्हणजे आजूबाजूच्या रेणूंना बिघडवणारे रेणू होतात. ते फार झाले की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या त्यांनाच आवरणार असा दावा. पार्किन्सन्समध्ये मरतात त्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या भागातल्या, तिथे डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) असतं, आणि वर लोह पण, म्हणून तिथे हा त्रास जास्त. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, डोपामिनचं साधारण तसंच होतं, त्या भागाचा काळा रंग त्यातूनच आलाय. तर हे ऑक्सिडाइज झालेलं डोपामिन अल्फा सिन्यूक्लिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, प्रोटीन वेडंवाकडं दुमडतं, त्याच्या गुठळ्या होतात. खराब प्रोटीन उचलायला पेशीत प्रोटिआझोम नावाची घंटागाडी असते पण अशा गुठळ्यांनी गाडीच तुंबते, मग कचरा अजून वाढतो.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण पोरं बनावट हेरॉइन घेऊन थोड्याच दिवसांत म्हाताऱ्या पेशंटसारखी ताठ झाली. त्यात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली, मेंदूत गेल्यावर तिच्यापासून जे बनतं ते मायटोकाँड्रियाच बंद पाडतं. मायटोकाँड्रियावर संशय बळावला तो तेव्हापासून.

आकडेवाला:
थिअरी झकास, पण गोळ्या देऊन बघून झालंय की. व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट, ८०० पेशंट, रिझल्ट १९९३ ला आला, फायदा शून्य. कोक्यूटेन ६०० पेशंटना, दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅम, उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवलं, २०१४ ला छापून आलं. तुमच्या डबीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघा एकदा.

अल्झायमरमध्ये मात्र २०१४ च्याच एका अमेरिकन ट्रायलमध्ये व्हिटॅमिन ई ने रोजची कामं करण्यातली घसरण थोडी मंदावली, स्मरणशक्तीत काही फरक नाही. तो आजारच वेगळा पण जाहिरातवाले हेच इकडे चिकटवतात.

कोकणी_माणूस:
आमच्या वैद्यांनी काकांना खाजकुयलीचं चूर्ण दिलंय, नैसर्गिक आहे, ते देऊन बघा.

पेशीवाली:
दादा, खाजकुयलीच्या बीत लेव्होडोपाच असतं. काम करतं ते त्यामुळेच, पण वर गोळी चालू असेल तर डोस किती झाला ते कुणालाच कळत नाही, हातपाय आपोआप वळवळायला लागतात. न्यूरोलॉजिस्टला सांगितल्याशिवाय देऊ नका.

आणि आकडेवाला यांच्यासाठी, गोळ्या का चालल्या नाहीत याला एकच कारण नसावं. हात थरथरायला लागतो तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. शिवाय पेशी थोडे रॅडिकल निरोप्यासारखे वापरतात पण, सरसकट पुसून टाकायची ती चीज नाही. म्हणून मला तो गंज शब्दच पटत नाही, लोखंड काही स्वतःची दुरुस्ती करत नाही.

आईची_नर्स:
ताई, बाबांना रक्त पातळ करायची गोळी आहे का? असेल तर जास्त डोसचं व्हिटॅमिन ई नकोच, रक्तस्रावाचा धोका. आणि लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास द्या, डाळ-पनीर-अंडी सोबत गेली की त्यातल्या प्रोटीनची आणि गोळीची आतड्यात रांग एकच लागते आणि गोळी मागे राहते. आमच्याकडे सकाळचं थालीपीठ पुढे ढकललं तर आईचं चालणं सुधारलं, महिनाभर आम्ही डोस वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागलो होतो.

सातारची_लेक:
आहे, हार्टसाठी चालू आहे!! हे आत्याला सांगितलं तर लगेच पटेल, तिच्या मिस्टरांना पण तीच गोळी आहे. एक डबी फोडली नाहीये अजून, दुकानदार परत घेतो का कुणाला माहितीये?