जपानमधल्या रोटरी बैठकीत एक्स्चेंज विद्यार्थ्याने काय करायचं?

प्रश्न: मुलगी रोटरी यूथ एक्स्चेंजवर (रोटरी क्लबांचा विद्यार्थी-अदलाबदल कार्यक्रम) वर्षभर जपानला चाललीय. यजमान क्लबच्या बैठकांना जावं लागेल म्हणतात. तयारी काय करून द्यावी?

उत्तर १: बैठक बहुधा हॉटेलात, दुपारच्या जेवणाची, तासाभराची. अध्यक्ष घंटा वाजवतात, मग रोटरी गीत. गीताचे शब्द रोमन लिपीत लिहून मागून घ्या, नाहीतर पोरगी नुसती उभी राहते. विद्यार्थी साधारण महिन्यातून एकदा जातात, त्याच वेळी महिन्याचा भत्ता पाकिटात मिळतो. पाकीट दोन्ही हातांनी, किंचित वाकून घ्यायचं आणि तिथे अजिबात उघडायचं नाही. त्यानंतर दोन-तीन मिनिटं बोलायला सांगतात. लांबलं की त्या दिवशीच्या वक्त्याचा वेळ खाल्ला जातो, आणि तिथे वेळेबाबत कुणी सैल नसतं. ‘खूप छान वाटलं’ नको. शाळेत या महिन्यात काय केलं ते चार सोप्या जपानी वाक्यांत.

उत्तर २: फोटो असलेली १०० तरी व्हिजिटिंग कार्डं छापा, नाव काताकानातही (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) हवं. इथल्या क्लबचे छोटे बॅनर ५-६ न्या, अध्यक्षांशी अदलाबदल होते. ‘निकोनिको बॉक्स’ फिरला तर गोंधळू नका: आनंदाच्या बातमीसाठी सदस्य त्यात देणगी टाकतात, विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा नसते.

प्रश्नकर्ती: शाकाहाराचं?

उत्तर १: आधीच समुपदेशक सदस्याला (यजमान क्लबमधला, मुलीची काळजी घेणारा सदस्य) लेखी कळवा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ पुरत नाही, कारण भाजीतही माशाचा दाशी (चवीसाठी घालतात तो अर्क) असतो. ‘मांस, मासे, दाशी नको’ असंच लिहा.