मदत हवी आहे: चेन्नईत मार्गळी या तमिळ महिन्यातला आठवडा, मुक्काम कुठे करावा?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी जळगावहून चेन्नईला निघालोय, कर्नाटक संगीताच्या मोसमासाठी. नवजीवन एक्सप्रेसची जाता-येताची तिकिटं झालीत. म्युझिक अकादमीच्या संध्याकाळच्या मैफलींसाठी प्रयत्न केला, जागा मिळाली नाही. आता बाकीच्या सभांच्या (मैफली भरवणाऱ्या संस्थांच्या) सकाळ-दुपारच्या मोफत मैफलींवर भिस्त. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. खोलीभाडं रोज दोन हजारांपर्यंत. दोघी शाकाहारी. (शेवभाजीच्या तर्रीवर पोसलेली आई आठवडाभर सांबारावर कशी राहते बघू, ठेच्याची बरणी बॅगेत आधीच गेलीय.)

नकाशा पाहून मैलापूर की टी. नगर ठरेना. दोन-तीन सभा पायी गाठता येतील असा भाग कोणता? आणि सभांच्या कँटीनमध्ये पानावरचं जेवण मैफलीच्या तिकिटाशिवाय मिळतं का?