मदत हवी आहे: परदेशी पाहुणी पाच महिने नेरुळला, सी फॉर्म कोणी भरायचा?

बहिणीची जपानी मैत्रीण पाच महिने इकडे राहणार आहे. महिन्याचं बजेट सगळं धरून २० हजार. त्यात हॉटेल बसत नाही. वाशीत दोन पीजी पाहिले, पासपोर्ट म्हटल्यावर दोघांनीही "परदेशी नको, फॉर्मची कटकट" म्हणत हात झटकले. एजंट ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटशिवाय बोलत नाही, वर डिपॉझिट आणि एक महिन्याची दलाली.

शेवटी आमच्याच घरातली रिकामी खोली द्यायचं ठरलं. जेवण घरचं (दाण्याची चटणी ती नुसतीच खाते), फिरायला हार्बरचा सेकंड क्लासचा पास. म्हणजे पैशाचं जमलं, घोडं अडलंय कागदांवर.

परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत सी फॉर्म (पाहुणा आपल्याकडे राहतोय हे सरकारला कळवायचा फॉर्म) ऑनलाइन भरायचा, हे माहीत आहे. आधी घरमालक म्हणून नोंदणी करायला बसलो, तर फ्लॅट बाबांच्या नावावर आणि लाइट बिल आईच्या. बाबा सध्या गावी, ओटीपी विचारायला फोन केला तर रेंज नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, आधी पोलिस स्टेशनचं पत्र आणा. पोलिस स्टेशनात म्हणाले, ऑनलाइन करा.

व्हिसा ई-टुरिस्ट आहे, मुक्काम १८० दिवसांच्या आतला, त्यामुळे परदेशी नागरिक म्हणून तिच्या स्वतःच्या नोंदणीचा प्रश्न नाही. जेवणखाण धरून ती आम्हाला महिना ८ हजार देणार आहे.

नवी मुंबईत कोणी घरी परदेशी पाहुणा ठेवलाय का? नोंदणी आईच्या नावाने चालते, की मालक म्हणून बाबाच लागतात? आणि सोसायटीला नेमका कोणता कागद दाखवलात?